ऑस्ट्रेलियन गवती पोपट : वर्गीकरण आणि पक्षिगृहातील संगोपन

प्रस्तावना :

लहान आकाराचे विदेशी पोपट पाळण्याची आवड भारतात वाढत असली तरी त्यांच्या नावांबाबत मोठा गोंधळ आढळतो. महाराष्ट्रातील पक्षिबाजारात ऑस्ट्रेलियन बजरीगारला सर्रास 'लव्हबर्ड' म्हटले जाते. वास्तविक लव्हबर्ड हा आफ्रिकेतील स्वतंत्र गट आहे. असाच गोंधळ 'गवती पोपट' या संज्ञेबाबतही होतो. पक्षिपालक ही संज्ञा सैलपणे वापरतात, तर प्राणिशास्त्रात ती एका मर्यादित गटाला लागू होते. नावातील ही चूक केवळ शाब्दिक राहत नाही. तिच्यामुळे चुकीच्या जोड्या लागतात, संकर निर्माण होतात आणि पक्ष्याच्या मूळ अधिवासाशी विसंगत असे संगोपन घडते. प्रस्तुत लेखात या गटाचे वर्गीकरण आणि पक्षिगृहातील संगोपन यांचा परस्परसंबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

गवती पोपटांचे वर्गीकरण :

प्राणिशास्त्रात एकमेकांशी जवळचे नाते असलेल्या जातींच्या समूहास 'प्रजाती' असे म्हणतात. गवती पोपटांच्या मुख्य प्रजातीस 'निओफेमा' हे नाव इटालियन पक्षिशास्त्रज्ञ साल्व्हादोरी यांनी १८९१ मध्ये दिले. तिच्यात सहा जातींचा समावेश होतो. त्यांचे दोन उपगट मानले जातात. पहिल्या उपगटात नीलपंखी, एलिगंट, खडकी आणि नारिंगी पोटाचा या चार जाती येतात. यांत नर व मादी यांच्या रंगात फारसा फरक नसतो. दुसऱ्या उपगटात टर्क्वाइज आणि लाल छातीचा या दोन जाती येतात. यांतील नर मादीहून स्पष्टपणे भडक रंगाचे असतात.

सातवी जाती बुर्क पोपट ही होय. थॉमस मिचेल यांच्या १८३५ च्या मोहिमेत हा पक्षी डार्लिंग नदीकाठच्या फोर्ट बुर्क परिसरात मिळाला आणि जॉन गूल्ड यांनी १८४१ मध्ये त्याचे वर्णन केले. दीर्घकाळ त्याला निओफेमातच गणले जात असे. परंतु त्याच्या पिसाऱ्यात हिरवा रंग नाही. तो तपकिरी, गुलाबी व निळसर आहे. तो पहाटे व संधिप्रकाशात विशेष क्रियाशील असतो. या व अन्य भेदांमुळे आता त्याला 'निओसेफोटस' या स्वतंत्र प्रजातीत ठेवले जाते.

पूर्वी या सर्व पक्ष्यांना रोझेला पोपटांच्या निकट मानले जाई. रेणवीय अभ्यासांनी हे मत बदलले. गवती पोपटांचे अधिक जवळचे नाते ऑस्ट्रेलियातील भूमिवासी पोपट व निशाचर पोपट यांच्याशी आहे, असे या अभ्यासांतून दिसून आले. उलटपक्षी, पक्षिपालक ज्यांना गवती पोपटांसोबत गणतात तो लाल पाठीचा पोपट या गटात बसत नाही.

ओळखीतील अडचणी :

नीलपंखी व एलिगंट या जाती प्रथमदर्शनी सारख्या भासतात. एलिगंट पोपटाच्या कपाळावरील निळी पट्टी डोळ्याच्या किंचित मागेपर्यंत जाते, तर नीलपंखी पोपटात ती डोळ्यापाशीच थांबते. मात्र त्याच्या पंखावरील निळा भाग बराच रुंद असतो. पोटावरील नारिंगी डाग ही खात्रीची खूण नव्हे. असा डाग नारिंगी पोटाच्या पोपटाखेरीज अन्य जातींच्या काही पक्ष्यांतही दिसतो.

खरी अडचण दुसऱ्या उपगटातील माद्यांबाबत येते. नरांमध्ये लाल छाती किंवा पंखावरील लाल पट्टा पाहून जाती ठरविता येते. माद्यांमध्ये या खुणा नसतात. तेथे चोच व डोळा यांमधील भाग पाहावा लागतो. लाल छातीच्या जातीच्या मादीत तो निळा, तर टर्क्वाइज मादीत फिकट पिवळसर-पांढरा असतो. पक्षिगृहात निवड पद्धतीने जोपासलेल्या गुलाबी, पिवळ्या, निळ्या इत्यादी रंगभेदांत या सूक्ष्म खुणा पुसट होतात किंवा नाहीशा होतात. त्यामुळे अशा पक्ष्यांबाबत वंशावळीची लेखी नोंद हाच ओळखीचा मुख्य आधार उरतो.

अधिवास आणि संगोपन :

या जातींचे अधिवास परस्परांहून भिन्न आहेत. बुर्क व लाल छातीचा पोपट अंतर्भागातील शुष्क झुडपी प्रदेशात राहतात. टर्क्वाइज पोपट पूर्वेकडील डोंगरपायथ्याच्या विरळ वनांत आढळतो. खडकी पोपट किनारपट्टीवर राहतो आणि बेटांवरील खडकांच्या कपारींत अंडी घालतो. सर्वांमधील समान बाब म्हणजे ते मुख्यतः जमिनीवर उतरून गवताचे व लहान वनस्पतींचे बी टिपतात. संगोपनाचे बहुतेक नियम या वस्तुस्थितीतून निघतात.

१) जंतांचा प्रादुर्भाव : जमिनीवर चरणाऱ्या पक्ष्याचा स्वतःच्या विष्ठेशी संपर्क येतो. त्यामुळे गोलकृमींचा प्रादुर्भाव हा या गटाचा मोठा धोका आहे. मातीऐवजी धुता येण्याजोगी किंवा वारंवार बदलता येणारी वाळूची जमीन, उंचावरील खाद्यपात्रे आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित जंतनिर्मूलन आवश्यक ठरते.

२) पक्षिगृहाची रचना : हे पक्षी दचकल्यास सरळ व वेगाने उडतात आणि जाळीवर आदळून डोक्यास किंवा मानेस इजा होते. म्हणून उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची असून सुमारे ३ मीटर लांबीचे पक्षिगृह सोयीचे असते. टोकाच्या जाळीलगत डहाळ्या लावल्यास पक्ष्यांना अडथळा दिसतो. नुकतीच घरट्याबाहेर आलेली पिले या बाबतीत सर्वाधिक असुरक्षित असतात.

३) आर्द्रता : शुष्क प्रदेशातील जातींना गारवा व ओल एकत्र आल्यास त्रास होतो. ही बाब कोकणासारख्या अतिपर्जन्याच्या भागात विशेष लक्षात घ्यावी लागते. छप्पर, वाऱ्याच्या दिशेची बंद भिंत व कोरडी जमीन यांची तेथे तडजोड करता येत नाही.

४) आहार : राळा, वरी, बाजरी व कॅनरी गवताचे बी, हिरवी गवताची कणसे, मोड आलेले धान्य आणि खनिजांसाठी समुद्रफेण यांचा समावेश असावा. सूर्यफुलाच्या तेलकट बियांचे प्रमाण मर्यादित ठेवावे. अन्यथा मर्यादित उड्डाणामुळे स्थूलता येते.

५) प्रजनन : एका पक्षिगृहात एकच जोडी ठेवावी. नर आपल्या गटातील अन्य नरांशी आक्रमक होतात. त्यामुळे शेजारील कप्प्यांत दुहेरी जाळी हवी. पोकळ ओंडका किंवा लाकडी पेटी घरटे म्हणून चालते. साधारणतः ३ ते ६ अंडी घातली जातात. केवळ मादी सुमारे १८ ते २० दिवस अंडी उबविते आणि पिले चार ते पाच आठवड्यांत घरट्याबाहेर येतात.

संवर्धन व कायदा :

ऑस्ट्रेलियाने १९६० च्या सुमारास देशी पक्ष्यांच्या व्यापारी निर्यातीवर बंदी घातली. म्हणून अन्य देशांतील गवती पोपट हे प्रायः पिढ्यान्‌पिढ्या पक्षिगृहात वाढलेले पक्षी आहेत. मात्र पक्षिगृहातील विपुलता निसर्गातील स्थितीची निदर्शक नसते. लाल छातीचा पोपट निसर्गात क्वचितच दृष्टीस पडतो. पक्षिगृहांत तो सहज आढळतो. नीलपंखी पोपटाची ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कायद्याखाली २०२३ मध्ये 'असुरक्षित' म्हणून नोंद झाली. टास्मानियाच्या नैर्ऋत्येस प्रजनन करणाऱ्या नारिंगी पोटाच्या पोपटाची वन्य संख्या २०१६ च्या सुमारास वीसहून कमी झाली होती. ही जाती टिकून आहे ती मुख्यतः बंदिस्त प्रजननातून सोडलेल्या पक्ष्यांमुळे. तेथे प्रत्येक पक्ष्याच्या वंशाची नोंद ठेवली जाते आणि चोच व पिसांच्या विषाणुजन्य रोगाची तपासणी होते. जातिशुद्धता व नोंदी यांशिवाय असे पुनर्वसन शक्य झाले नसते.

भारतीय पालकासही अचूक नाव कायद्याने आवश्यक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियमातील २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार 'सायटिस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतील जिवंत प्राण्यांची नोंदणी जातिनिहाय करावी लागते. नारिंगी पोटाचा पोपट पहिल्या, तर अन्य गवती पोपट दुसऱ्या परिशिष्टात आहेत.

निष्कर्ष :

१) 'गवती पोपट' ही संज्ञा दोन प्रजातींतील सात जातींपुरती मर्यादित ठेवणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहे.
२) जातीची अचूक ओळख पटल्याखेरीज तिचा अधिवास कळत नाही आणि अधिवास कळल्याखेरीज संगोपन योग्य होत नाही.
३) संकर व रंगभेद यांमुळे पक्ष्यांची संख्या वाढली तरी जाती टिकत नाही. म्हणून वंशनोंद ठेवणे हे पालकाचे प्राथमिक कर्तव्य ठरते.
४) महाविद्यालयीन प्राणिशास्त्र विभागांनी स्थानिक पक्षिपालकांना जातिओळख व नोंदणी यांबाबत मार्गदर्शन केल्यास वर्गीकरणाचा अभ्यास पाठ्यपुस्तकाबाहेर उपयोगी पडू शकेल.