बावीस केबीतलं ब्रह्मांड

सप्टेंबर १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये ‘एलीट’ नावाचा गेम बाजारात आला. प्रकाशक एकॉर्नसॉफ्ट, कॉम्प्युटर बीबीसी मायक्रो आणि कर्ते केंब्रिजचे दोन विद्यार्थी, डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल. तोवर गेम म्हटला की तीन ‘लाइफ’, चढता स्कोअर आणि दहा मिनिटांत खेळ खल्लास. नाणं टाकून खेळायच्या आर्केडची रीत घरातही आली होती. एलीटनं ती मोडली. खेळाडूच्या हाती एक यान आणि १०० क्रेडिट. एका ग्रहावर माल स्वस्तात घ्यायचा, दुसऱ्यावर चढ्या भावानं विकायचा. वाटेत चाचे आडवे आले तर लढायचं, वाटलं तर स्वतःच चाचेगिरी करायची. थॉर्न ईएमआय कंपनीनं हा गेम आधीच नाकारला होता: त्यांना नेहमीचा, झटपट संपणारा खेळ हवा होता.

बीबीसी मायक्रो मुळात कॉम्प्युटर साक्षरतेसाठी घडवलेला. भारतातही मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनं तो ‘युनिकॉर्न’ नावानं बनवला आणि शाळांमधल्या ‘क्लास’ प्रकल्पात हाच कॉम्प्युटर होता. त्याची मेमरी ३२ केबी. आज मोबाइलवर फिरणारा साधा फोटोही त्याहून जड असतो. पडदा आणि सिस्टीमचा वाटा वजा जाता गेमला उरत सुमारे २२ केबी. तेवढ्यात आठ आकाशगंगा बसवायच्या होत्या, प्रत्येकीत २५६ ग्रह. प्रत्येकाला नाव, राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था, लोकसंख्या. एवढी यादी साठवणं अशक्यच.

म्हणून दोघांनी ती साठवलीच नाही. ठेवले फक्त तीन आकडे, मिळून सहा बाइट. तिन्हींची बेरीज केली की पुढचा आकडा, त्यावरून त्याच्या पुढचा. या आकड्यांतले काही बिट राज्यव्यवस्था ठरवत, काही अर्थव्यवस्था. काही बिट अक्षरांच्या जोड्या निवडून नाव जुळवत. खेळ सुरू होतो तो ‘लेव्ह’ ग्रह असाच निघाला: शेतीवर श्रीमंत झालेली हुकूमशाही. पुढच्या आकाशगंगेसाठी प्रत्येक बाइटचे बिट गोलाकार एक घर सरकवायचे. बाइटमध्ये बिट आठच, त्यामुळे आठव्यांदा सरकवलं की पुन्हा पहिलीच आकाशगंगा हजर. मूळ आकडे तपासताना एका ग्रहाचं नाव अश्लील निघालं, तेव्हा ती अख्खी आकाशगंगा रद्द झाली!

हीच युक्ती वापरून अब्जावधी आकाशगंगा काढता आल्या असत्या आणि दोघांची इच्छाही तशीच होती. एकॉर्नसॉफ्टनं त्यांना आवरलं. एवढ्या पसाऱ्यात तोचतोपणा लगेच उघडा पडला असता.

चित्रणातही अशीच कसरत होती. २ मेगाहर्ट्झच्या ६५०२ प्रोसेसरवर रेषांची त्रिमिती यानं फिरत. यानांचे आकार बहिर्वक्र ठेवल्यामुळे कोणती बाजू खेळाडूकडे तोंड करून आहे एवढंच तपासायचं. बाकीच्या रेषा काढायच्याच नाहीत. वर बारीक रेषांचं कृष्णधवल आकाश आणि खाली रंगीत डॅशबोर्ड एकाच वेळी दाखवायची सोय कॉम्प्युटरमध्ये नव्हती. मग टायमर लावून, पडदा रंगवला जात असतानाच मधेच मोड बदलला गेला, सेकंदाला पन्नास वेळा.

या साऱ्यात ग्रह कुठेही नशिबावर सोडलेले नव्हते. तेच आकडे, तीच बेरीज, त्यामुळे प्रत्येक घरात तेच ग्रह त्याच जागी. म्हणूनच एकानं शोधलेला फायद्याचा व्यापारी मार्ग दुसऱ्यालाही उपयोगी पडे. मेमरी मुबलक झाल्यावरही ब्रेबेननं ही पद्धत सोडली नाही: २०१४ च्या ‘एलीट डेंजरस’मधले बहुतेक तारे असेच हिशेबातून उगवतात.