चौघांचा एक श्वास

माळ्यावर ठेवलेल्या व्हायोलिनच्या पेटीवरील धूळ आपण शेवटची कधी पुसली? संसाराच्या धावपळीत सुटलेले वाद्य पुन्हा हाती घ्यावयाचे, तर ते चौघांनी मिळून घ्यावे. मेहली मेहता यांनी 1940 साली मुंबईत ‘बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट’ स्थापन केले, ते याच परंपरेतले. दोन व्हायोलिन, एक व्हिओला व एक चेलो. संचालक कोणीच नाही. म्हणून प्रत्येकास दुसऱ्याचे ऐकावेच लागते. चौघे एकत्र श्वास घेतात, तेव्हाच पहिला स्वर एकसंध उमटतो.

लवासात, वरसगाव जलाशयाच्या काठी, शनिवार-रविवार असे जमणार असाल, तर एखादा व्यावसायिक वादक मार्गदर्शनासाठी सोबत असावा. रचनेचा एकच खंड निवडावा. आपापले स्वर घरूनच बसवून जावेत. दर अर्ध्या तासाने वाद्य खाली ठेवून मान, खांदे व मनगटे सैल करावीत. वर्षानुवर्षांच्या खंडानंतर तासन्‌तास वाजविल्यास स्नायू दुखावतात. बोटांना मुंग्या आल्या वा वेदना झाल्या, तर थांबावे. विश्रांतीनेही त्या न शमल्यास डॉक्टरांना दाखवावे.

चुकण्याचे भय मात्र घरीच ठेवावे. एक जण अडखळला, तर उरलेले तिघे त्याला सावरून घेतात.