सुट्टीत आखायची परसबाग

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेलेल्या कॅडेटला महिना-दीड महिना हाताशी असतो. अंगात उत्साह असतो आणि खड्डे खणायची सवय झालेली असते. घरामागे मोकळी जागा असली की बागेचा विचार मनात येतोच. रोपे आणली जातात, वाफे होतात, चार दिवस दोन्ही वेळा पाणी घातले जाते. मग सुट्टी संपते आणि कॅडेट शाळेत परततो. पुढच्या बादल्या आई उचलते, नाहीतर आजोबा. दिवाळीला घरी यावे तर वाफ्यांत गवत माजलेले दिसते. यात रोपांचा दोष नसतो, आखणीचा असतो. बाग लावणाऱ्याच्या ताकदीवर आखली होती. ती सांभाळणाऱ्याच्या ताकदीवर आखायला हवी होती.

म्हणून या लेखात रोपांच्या आधी आखणीचा विचार करू. उदाहरणासाठी रायपूरची बूढापारा ही वस्ती घेऊ. छत्तीसगडमध्ये पारा म्हणजे मोहल्ला. रायपूर १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते आणि आजही तेथे मराठी कुटुंबे नांदतात. बूढापारा ही शहरातील जुनी वस्ती, शेजारी बूढा तलाव. नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, १८७७ मध्ये लहानपणी कुटुंबासह रायपूरला आले आणि सुमारे दोन वर्षे तेथे राहिले. त्यांच्या स्मरणार्थ या तलावाला आता विवेकानंद सरोवर म्हणतात. अशा जुन्या वस्तीत प्लॉट अरुंद आणि लांबट असतात, घरे एकमेकांना चिकटून असतात आणि मागे थोडी जागा उरते. सातारा, नाशिक किंवा नागपूर येथील जुन्या पेठांत राहणाऱ्यांनाही हे चित्र ओळखीचे वाटेल.

समजा, घर पूर्वेकडे तोंड करून आहे आणि मागे पश्चिमेला अंगण आहे. उत्तर-दक्षिण २० फूट, पूर्व-पश्चिम ३० फूट, म्हणजे ६०० चौरस फूट. तिन्ही बाजूंना सहा फूट उंचीचे कुंपण. घरातून मागच्या दारी उतरले की मोरी आणि नळ. आता काम सुरू.

पहिले काम : पाहणी

मैदानी सरावात जमीन पाहिल्याशिवाय कोणी योजना सांगत नाही. येथेही तसेच. आलेखाच्या वहीत एक चौकट म्हणजे एक फूट धरून नकाशा काढा. उत्तर दिशा दाखवा. दार, नळ, मोरी, गटार, सेप्टिक टाकी, विहीर असल्यास विहीर, आधीची झाडे, सगळे जागच्या जागी टाका. मग सकाळी ८, दुपारी १२ आणि ४ वाजता सावली कोठे पडते ते नकाशावर पेन्सिलीने आखा.

पण मे महिन्याची सावली पाहून हिवाळ्याचा वाफा ठरवू नका. रायपूर साधारण सव्वाएकवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ जूनच्या सुमारास सूर्य कर्कवृत्तावर, साडेतेवीस अंशांवर असतो. त्यामुळे दुपारी तो जवळजवळ डोक्यावर येतो आणि कुंपणाची सावली पडतच नाही म्हटले तरी चालेल. २२ डिसेंबरच्या सुमारास मात्र तो मकरवृत्तावर असतो आणि भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवरच राहतो. ४५ अंशांत सावली वस्तूच्या उंचीइतकी असते. म्हणजे दक्षिणेच्या सहा फुटी कुंपणाची सावली डिसेंबरात आत सहा फूट येते. मेथी, पालक, टोमॅटो, कोबी ही हिवाळ्याची पिके या सहा फुटांत लावली तर ती उन्हाविना खुरटतील. त्रिकोणमितीचा एवढा उपयोग कोणत्याही कॅडेटला जमेल.

उतार पाहण्यासाठी गवंडी वापरतात ती पारदर्शक प्लॅस्टिकची नळी पाणी भरून वापरा. नळीच्या दोन्ही टोकांना पाण्याची पातळी एकच राहते, त्यावरून जमीन किती उतरते ते इंचात कळते.

मातीही पाहा. छत्तीसगडचे शेतकरी मातीला भाटा, मटासी, डोरसा, कन्हार अशा नावांनी ओळखतात. भाटा मुरमाड आणि पाणी न धरणारी, तर कन्हार काळी, चिकण आणि पाणी धरून ठेवणारी. जुन्या वस्तीत मात्र घराच्या पडझडीतले विटांचे तुकडे आणि चुना मातीत मिसळलेला सापडतो. फूटभर खोल खड्डा करून तो पाण्याने भरा. पाणी तासाभरात नाहीसे झाले तर मातीला शेणखत आणि पालापाचोळा भरपूर हवा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच दिसले तर वाफे जमिनीपासून सहा ते आठ इंच उंच करा, नाहीतर पावसात मुळे कुजतील.

दुसरे काम : जागांची वाटणी

जिथे रोज हात जातो ते घराजवळ, जिथे महिन्यातून एकदा जायचे ते लांब. हा एक नियम पाळला तरी निम्मी मेहनत वाचते.

घराला लागून आठ फुटांची पट्टी घ्या. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री घरात उष्णता सोडते. मे महिन्यात रायपूरला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा हे चांगलेच जाणवते. या पट्टीवर बांबूचा मांडव घाला. फेब्रुवारीत त्यावर दोडका किंवा दुधी चढवला तर एप्रिल-मेमध्ये भिंतीवर छाया येते. पावसाळ्यात कारले, लाल भोपळा किंवा कोहळा लावावा. छत्तीसगडमध्ये कोहळ्याला रखिया म्हणतात आणि त्याच्या वड्या घालतात. हे वेल हिवाळ्यात वाळले की मांडव मोकळा होतो आणि ऊन पुन्हा घरात येते. मांडवाखालीच, दाराशी, कोथिंबीर, पुदिना, गवती चहा आणि मिरचीच्या कुंड्या ठेवा. फोडणी टाकताना आईला चार पावलांवर कोथिंबीर मिळाली पाहिजे. तुळसही येथेच.

दक्षिणेची सहा फुटी पट्टी सावलीची. तेथे हळद, आले आणि अळू लावा. त्यांना थोडी सावली चालते. मोरीचे पाणी याच पट्टीत उताराने न्या आणि त्यावर केळ व अळू लावा. साबणाचे पाणी कोथिंबिरीसारख्या कच्च्या खायच्या भाजीला देऊ नका. हे पाणी कोठेही साचू देऊ नका. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून कुंडीखालच्या ताटल्या आणि उघडी भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करणे हा नियमच ठेवावा.

याच पट्टीच्या टोकाला तीन फूट लांब, रुंद आणि खोल असे खताचे दोन खड्डे करा. एक भरत राहायचा, दुसरा कुजत ठेवायचा. छत्तीसगडीत या खताच्या खड्ड्याला घुरुवा म्हणतात आणि परसबागेला बारी. काही वर्षांपूर्वी राज्य सरकारने नरवा, गरुवा, घुरुवा, बारी, म्हणजे ओढा, गुरे, खतखड्डा आणि परसबाग, या चार शब्दांवर ग्रामविकासाची एक योजनाच उभी केली होती.

उत्तरेला चार फुटांची पट्टी राहील. उंच झाडे इकडे, कारण हिवाळ्यात त्यांची सावली कुंपणाबाहेर पडेल, वाफ्यांवर नाही. घराजवळ कढीपत्ता, मध्ये लिंबू, वायव्येच्या कोपऱ्यात शेवगा. शेवग्याची सावली विरळ असते. उन्हाळ्यात सूर्य वायव्येकडे मावळतो, तेव्हा ती वाफ्यांना संध्याकाळच्या उन्हापासून थोडा आसरा देते. आंबा, फणस, वड यांचा मोह एवढ्या जागेत टाळा. त्यांची मुळे आणि फांद्या आपल्या आणि शेजाऱ्याच्या भिंतीला भारी पडतात.

मध्ये दहा फूट उरले. तेथे चार फूट रुंद आणि आठ फूट लांब असे चार वाफे, मध्ये दोन फुटांच्या वाटा. रुंदी चार फूटच का? बसल्या जागेवरून हात दोन फूट सहज पोहोचतो. दोन्ही बाजूंनी काम केले तर वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही आणि माती दबत नाही. आजोबांना काम करायचे असेल तर वाफ्याची कड विटांची आणि बसण्याइतकी उंच करा.

तिसरे काम : पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. रायपूरचा वर्षाचा पाऊस साधारण १२०० मिलिमीटर धरा. ६०० चौरस फूट म्हणजे सुमारे ५५ चौरस मीटर. या अंगणावर वर्षाला ६६ हजार लिटर पाणी पडते. सगळीकडे सिमेंट किंवा फरशी घातली तर यातले जवळजवळ सारे गल्लीतल्या गटारात जाईल आणि मोठ्या पावसात दारात तुंबेल. झाडलोट सोपी होते म्हणून अंगण फरशीखाली घालणाऱ्या घरांनी हा आकडा एकदा पाहावा. चिखल नको असेल तर वाटांवर वाळूत विटा बसवा, सांधे सिमेंटने भरू नका. पाय कोरडे राहतात आणि पाणी मुरते.

छताचे पाणी वेगळे. ५० चौरस मीटर छतावर अवघा ४ मिलिमीटर पाऊस पडला की २०० लिटरचा ड्रम भरतो. म्हणजे ड्रम सोयीसाठी आहे, साठ्यासाठी नाही. उरलेले पाणी नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात शोषखड्ड्यात सोडा. तीन फूट लांब-रुंद, सहा फूट खोल, खाली विटांचे तुकडे, वर खडी, सर्वांत वर वाळू. घराच्या पायापासून तो दहा फुटांहून लांब असावा. एवढा खोल खड्डा एकट्याने खणू नये. मोठ्यांना सोबत घ्यावे.

आता उन्हाळ्याची बाजू. एक वाफा साधारण तीन चौरस मीटरचा. कडक उन्हात त्याला दिवसाला १८ लिटरच्या आसपास पाणी लागेल, म्हणजे एक भरलेली बादली. चार वाफ्यांना चार बादल्या, रोज. हा आकडा घरच्यांसमोर ठेवा आणि विचारा, जमेल का? जमणार नसेल तर एप्रिल ते जून दोन वाफे रिकामे ठेवा. उरलेल्या दोन वाफ्यांवर पालापाचोळ्याचे दोन-तीन इंच आच्छादन घाला आणि कुंभाराकडचे न भाजलेले नव्हे, तर भाजलेले साधे माठ गळ्यापर्यंत पुरा. माठाच्या अंगातून पाणी हळूहळू पाझरते आणि मुळांपाशीच जाते. माठाचे तोंड झाकायला विसरू नका.

चौथे काम : वेळापत्रक

मे महिन्यात मोजणी, खणणे, मांडव आणि खड्डे. उलथलेली माती उन्हात तापली की त्यातली कीड आणि तणाची मुळे कमी होतात. जूनच्या मध्यात पाऊस सुरू झाला की वेल, भेंडी, गवार आणि अळू. झाडे जुलैच्या आत. हे सारे सुट्टी संपण्याच्या सुमारास होते आणि पुढचे तीन महिने पाणी घालायचे काम पाऊस करतो. ऑक्टोबरात हिवाळी वाफे, नेमकी दिवाळीची सुट्टी. फेब्रुवारीत मांडवावरचा वेल आणि लालभाजी. ते बी घरच्यांनी टाकायचे.

अवघड जागी भाजी पिकवणे हे लष्करालाही परके नाही. लेह येथे संरक्षण संशोधन विभागाची प्रयोगशाळा १९६२ पासून आहे. उंचावरच्या थंड वाळवंटात जवानांना ताजी भाजी कशी मिळेल, यावर तेथे काम होत आले आहे. तेथेही सुरुवात ऊन, वारा, माती आणि पाणी यांच्या मोजणीपासूनच होते.

शेवटी, ड्यूटी बदलताना आपण जसे सगळे नीट सांगून देतो तसे येथेही करा. परत जाण्याच्या आदल्या दिवशी बागेचा नकाशा आणि एका पानाचा तक्ता मागच्या दाराला लावा : कोणत्या वारी काय पाहायचे, कोणत्या महिन्यात काय पेरायचे, कोणते काम सोडून दिले तरी चालेल. तो तक्ता आईला आणि आजोबांना वाचून दाखवा, आणि त्यांनी "हे नको" म्हटलेली ओळ तेथल्या तेथे खोडून टाका.