दृश्यता वाढविणारी परावर्तक वस्त्रे : विज्ञान, मानके आणि निवड

भारतात २०२२ या वर्षी झालेल्या रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. अपघातांची कारणे अनेक असली, तरी अंधारात समोरची व्यक्ती वेळेवर न दिसणे हे त्यांतील एक महत्त्वाचे कारण होय. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. धोका ओळखून ब्रेक दाबण्यास चालकाला दोन सेकंद लागले, तर तेवढ्या अवधीत वाहन ३३ मीटर पुढे गेलेले असते. रस्ते कामगार, रेल्वेमार्गाची देखभाल करणारे कर्मचारी व वाहतूक पोलीस यांच्यासाठी परावर्तक वस्त्रे ही म्हणूनच प्राणरक्षक साधने ठरतात.

दोन घटक, दोन कार्ये

अशा वस्त्राचे मूळ कापड फ्लुओरेसंट म्हणजेच प्रतिदीप्त रंगाचे असते. हा रंग अदृश्य अतिनील किरण शोषून त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. त्यामुळे तो दिवसा व संधिप्रकाशात उठून दिसतो. रात्री मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही.

रात्रीचे कार्य रेट्रो-रिफ्लेक्टिव्ह पट्टी करते. तिरपा पडलेला प्रकाश आरसा दुसऱ्या दिशेला फेकतो. ही पट्टी तो जवळजवळ उगमाकडेच परत पाठविते. तिच्यात काचेचे सूक्ष्म मणी अथवा सूक्ष्म प्रिझम बसविलेले असतात. चालकाचे डोळे हेडलाइटच्या जवळ असल्याने त्याला पट्टी तेजस्वी दिसते. पट्टीला स्वतःचा प्रकाश नसतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

मानके

भारतीय मानक ब्युरोचे आय.एस. १५८०९ हे मानक अशा वस्त्रांसाठी आहे. आय.एस.ओ. २०४७१ या आंतरराष्ट्रीय मानकाने (२०१३) क्षेत्रफळानुसार तीन वर्ग केले. तिसऱ्या म्हणजे सर्वोच्च वर्गात किमान ०.८० चौरस मीटर प्रतिदीप्त कापड व ०.२० चौरस मीटर परावर्तक पट्टी आवश्यक असते. पहिल्या वर्गात हे प्रमाण अनुक्रमे ०.१४ व ०.१० चौरस मीटर आहे. धडाबरोबरच हातापायांवरही पट्ट्या असल्यास हालचालीवरून ती माणसाची आकृती असल्याचे चालकाला चटकन उमगते.

निवड आणि निगा

शिवून लावायची, उष्णतेने चिकटवायची व स्वयंचिकट अशा प्रकारांत ही पट्टी मिळते. कपड्यांसाठी पहिले दोन प्रकार, तर हेल्मेटसारख्या कठीण पृष्ठभागासाठी तिसरा प्रकार सोयीचा असतो. केवळ चकाकणारी राखाडी फीत परावर्तक असेलच असे नाही. अंधाऱ्या जागी काही मीटर अंतरावरून, डोळ्यांजवळ विजेरी धरून पाहिल्यास फरक कळतो : खरी पट्टी थोडी तिरपी केली तरी उजळच दिसते. ही केवळ प्राथमिक चाचणी होय. खरेदी करताना मानकचिन्ह, वर्ग व धुण्याची मर्यादा तपासावी. घासून धुण्याने आणि धुळीने परावर्तन घटते.

तांत्रिक वस्त्रोद्योगाच्या १२ विभागांपैकी 'प्रोटेक' या विभागात ही वस्त्रे मोडतात. या क्षेत्रासाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये १,४८० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय तांत्रिक वस्त्रोद्योग अभियानास मंजुरी दिली. तथापि, उत्पादन वाढणे पुरेसे नाही. कंत्राटी कामगाराला मिळणारे जॅकेट बहुधा निविदेतील किमतीवर ठरते. निविदेतच मानक, वर्ग आणि जॅकेट बदलण्याचा कालावधी नमूद केल्यास रात्री महामार्गावर राबणाऱ्या कामगाराला खरे संरक्षण लाभू शकेल.