यंत्रे अनेक, भाषा एक

संगणक त्याला दिलेल्या आज्ञावलीनुसारच काम करतो. ही आज्ञावली कोणत्या भाषेत लिहावी, हा प्रश्न वरकरणी केवळ तंत्रज्ञांचा वाटतो. प्रत्यक्षात सार्वजनिक पैशाचा योग्य विनियोगही त्यावर अवलंबून असतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याला १९५९ साली याचा प्रत्यय आला.

त्या वेळी खात्याकडे २२५ संगणक होते व आणखी १७५ संगणकांची मागणी नोंदविलेली होती. आज्ञावल्यांवर वीस कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला होता. परंतु एका कंपनीच्या यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर सहसा चालत नसे. यंत्र बदलले की तेच हिशेब करण्यासाठी पुन्हा नव्याने आज्ञावली लिहावी लागे.

सर्वमान्य भाषा

या अडचणीच्या विचारार्थ मे १९५९ मध्ये पेंटागॉन येथे बैठक झाली. त्यानंतर सहा संगणक उत्पादक व तीन शासकीय संस्था यांच्या प्रतिनिधींच्या समितीने ‘कोबोल’ ही भाषा सिद्ध केली. ग्रेस हॉपर यांच्या ‘फ्लो-मॅटिक’ भाषेचा तिला मोठा आधार होता. कोबोलमधील आज्ञा इंग्रजी वाक्यांसारख्या असतात. ‘कंपायलर’ ही स्वतंत्र आज्ञावली त्यांचे त्या त्या यंत्राला कळणाऱ्या संकेतांत रूपांतर करते. यंत्राशी निगडित तपशील एका वेगळ्या विभागात नोंदविले जातात. त्यामुळे यंत्र बदलले तरी हिशेबाची रीत सांगणारा भाग बहुतांशी तसाच ठेवता येतो.

डिसेंबर १९६० मध्ये जवळजवळ एकच आज्ञावली आरसीए व रेमिंग्टन रँड या दोन कंपन्यांच्या संगणकांवर यशस्वी रीतीने चालविण्यात आली. कोबोलचा कंपायलर नसलेला संगणक सर्वसाधारणपणे घ्यावयाचा नाही, असे धोरण शासनाने स्वीकारल्याने उत्पादकांनाही या भाषेची दखल घ्यावी लागली.

निवडीनंतरची दक्षता

तथापि, भाषा निवडली म्हणजे काम संपले असे नाही. उत्पादक आपापल्या कंपायलरमध्ये खास सोयींची भर घालू लागले. त्या वापरताच आज्ञावली पुन्हा एकाच यंत्राशी जखडली जाई. म्हणून १९६८ साली अमेरिकेत कोबोलचे राष्ट्रीय प्रमाण निश्चित करण्यात आले. शिवाय, एक भाषा सर्व कामांना पुरी पडली नाही. शास्त्रीय गणितासाठी ‘फोरट्रान’चा वापर चालूच राहिला.

आज कार्यालयातील संगणक व हातातील भ्रमणध्वनी या दोहोंवर एकच आज्ञावली चालावी, अशी अपेक्षा असते. भाषा बदलल्या, तरी निवडीच्या कसोट्या कायम आहेत: ती कोणकोणत्या यंत्रांवर चालते, तिचे प्रमाण निश्चित आहे काय, आणि यंत्र किंवा पुरवठादार बदलल्यास केलेले काम हाती राहील काय? खरेदीपूर्वीच हे प्रश्न विचारणे हिताचे ठरते.