भुशाची बाहुली

गेल्या मे महिन्यात इथे न्यू जर्सीत शेजारच्या गराज सेलमध्ये माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने 8 डॉलरला एक बाहुली घेतली. उंची 18 इंच, एक हात निखळलेला, मान लुळी, अंगावर कपडा नाही. "बाबा, तू इंजिनियर आहेस ना?" असे तिने विचारले आणि मी फसलो. डॉक्टरेट असली तरी सॉफ्टवेअरवाल्याच्या हातात पक्कड येते कधी?

बाहुली प्लॅस्टिकची नव्हती. दुसऱ्या महायुद्धापूर्वी अमेरिकेत पुष्कळशा बाहुल्या 'कॉम्पोझिशन'च्या असत. लाकडाचा भुसा आणि सरस यांचा लगदा साच्यात दाबून सुकवायचा आणि वरून रंग द्यायचा. आयडियल कंपनीने 1934 साली काढलेली प्रसिद्ध शर्ली टेंपल बाहुली याच जातीची. युद्धानंतर कडक प्लॅस्टिक आले आणि हा प्रकार मागे पडला. दमट उन्हाळ्यात भुसा फुगतो, हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेत आकसतो. वरच्या रंगाला तेवढे ताणता येत नाही, म्हणून चेहऱ्यावर बारीक भेगांचे जाळे पडते.

हे सारे मला नंतर कळले. पहिल्याच संध्याकाळी मी ओल्या फडक्याने तिचा गाल पुसला. मळ निघाला, त्याबरोबर गुलाबी रंगही निघाला. सरस पाण्यात विरघळतो हे शाळेतले पोरही सांगेल! मुलगी काही बोलली नाही. ओरडली असती तर बरे वाटले असते.

तेव्हा कोरडा, मऊ ब्रश हेच साधन. हट्टी डागाला कापसाच्या काडीवर किंचित थुंकी, तीही आधी टाचेवर आजमावून, आणि लगेच कोरडे टिपायचे. (हसू नका, संग्रहालयांतही ही युक्ती वापरतात.) गाल पुन्हा रंगवू का, असे विचारले, तर मुलगी म्हणाली, "नको, मग ती दुसरीच कुणीतरी होईल."

सांधे मात्र सोपे. पोकळ धडातून रबरी दोरीचे दोन फास जातात. एक हातांना जोडतो, दुसरा दोन्ही पायांपासून मानेच्या आकड्यापर्यंत. जुने रबर कुजून त्याचा चुरा झाला होता. नवे गोल इलॅस्टिक क्रोशाच्या सुईने ओढून घेतले. ताण बेताचा हवा. सैल राहिला तर बाहुली उभी राहत नाही, फार झाला तर मानेची कड फुटते. माझी पहिली गाठ जास्तच घट्ट होती. ती सोडून पुन्हा बांधली.

कपड्यांवरून घरात दोन पक्ष पडले. सध्या आमच्याकडे आलेल्या माझ्या आईला लाल खणाचे परकर-पोलके शिवायचे होते, मुलीला त्या काळचा फ्रॉक. लाल रंग दमटपणात अंगाला लागतो आणि निघत नाही, हे मी सांगितल्यावर आईने आपल्या पांढऱ्या सुती जुनेराचा तुकडा काढला. अनेक धुण्यांनी मऊ झालेले, खळ नसलेले कापड. त्याचा आधी आतला झगा, वर फिकट निळा फ्रॉक, मागे टिचबटणे. लाल खण आईने परत पेटीत ठेवला, पण पोलक्याचा फुगा तिने फ्रॉकच्या बाह्यांना आणलाच.

बाहुली आता हीटरपासून लांब, पुस्तकांच्या फळीवर बसते. पाहुणे आले की मुलगी गालावरच्या फिकट डागावर बोट ठेवते आणि सांगते, "हे बाबानं केलं."