तुम्ही नेमके कुठं उभे होतात?

नववीच्या इतिहासाचा पहिलाच धडा साधनांचा. त्यातली मौखिक साधनं शोधायला पनवेलच्या शिक्षकाला लांब जावं लागत नाही. नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचं आंदोलन दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली पेटलं, तेव्हा 16 आणि 17 जानेवारी 1984 ला उरण भागात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना या लढ्यातूनच आली. तेव्हा विशीत असलेली माणसं आज आमच्या मुलांचे आजी-आजोबा आहेत. चिरनेरच्या 1930 च्या जंगल सत्याग्रहाबद्दल विचारावं, तर सांगणारं कुणी उरलेलं नाही. म्हणून मला घाई आहे.

"तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" हा मुलांचा आवडता प्रश्न मी खोडायला लावते. त्यावर आजोबा हुतात्मा दिनाचं भाषणच म्हणून दाखवतात. घरातून किती वाजता निघालात, सोबत कोण होतं, असं विचारावं. एका मुलीनं आजींना विचारलं, "खायला काय नेलं होतं?" आजी थबकल्या. मुलगी मधे बोलली नाही; हे तिला वर्गात घोटून शिकवलं होतं. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट, फडक्यात बांधलेलं. पळापळीत ते बांधावरच राहिलं. तिथून पुढं धूर, आरडाओरडा, चुकलेली जाऊ, सगळं आपोआप आलं.

रेकॉर्डिंग उतरवताना मुलं आजीची आगरी 'शुद्ध' करू लागतात. ते मी करू देत नाही. आजी बोलली तसंच वहीत उतरलं पाहिजे.

खरी कसोटी पुढं लागते. एक आजोबा म्हणतात, आधी लाठीमार झाला. दुसरे म्हणतात, थेट गोळ्याच आल्या. "बाई, खोटं कोण बोलतंय?" मी फळ्यावर रस्ता, फाटा, शेतं काढते आणि मुलांना परत पाठवते: तुम्ही नेमके कुठं उभे होतात? एक जण पुढं होते, दुसरे मागच्या गर्दीत. त्यानंतर दोन्ही जबाब आणि त्या वेळची वर्तमानपत्रं शेजारी ठेवून वाचायची.

या वर्षी एका मुलानं विचारलं, तेव्हा बंदोबस्तावर असलेल्या पोलिसाशी बोलायचं का? निम्मा वर्ग चिडला. काहींच्या घरातलं माणूस त्या गर्दीत होतं, त्यांचा राग मला समजतो. तरीही बोलायचं असं ठरलं आहे. प्रश्नांची यादी तीच राहील: घरातून किती वाजता निघालात, सोबत कोण होतं, कुठं उभे होतात.